अलॉयवर कोटिंग मारलं तरी चाकं काळीच? आधी कारण शोधा, मग बाटली उचला

ब्रेकची धूळ चिकटू नये म्हणून अलॉयवर, म्हणजे ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूच्या चाकांवर, स्प्रे कोटिंग मारतात. ते मारून महिनाही होत नाही, तोच पुढची दोन्ही चाकं पुन्हा काळवंडतात. फडक्याने पुसलं तर वरची काजळी निघते, पण खाली बोटाला खरखर लागते, आणि पावसाळा लागला की नेमक्या त्याच खरखरीत जागी नारिंगी ठिपके उमटतात. मुंबईतल्या गाड्यांची ही वर्षानुवर्षांची तक्रार आहे. लोक कोटिंगला दोष देऊन दुसऱ्या कंपनीची बाटली आणतात आणि महिन्याभरात परत तिथेच येतात. दोष बाटलीत क्वचितच असतो. तो चाकाच्या तयारीत असतो, कोटिंग लावतानाच्या हवेत असतो, गाडी धुण्याच्या पद्धतीत असतो, नाहीतर थेट ब्रेकमध्ये असतो.

कोटिंगकडून काय अपेक्षा ठेवायची, ते आधी ठरवू. ब्रेकची धूळ चाकावर बसणं कुठलाही स्प्रे थांबवत नाही. ती बसणारच. कोटिंग तिला चिकटू देत नाही, इतकंच त्याचं काम. म्हणून कसोटी अशी: आठवडाभर शहरात चाललेल्या चाकावर पाण्याची जोरदार पिचकारी मारली आणि शाम्पूचा मऊ ब्रश एकदा फिरवला, की चाक साफ झालं पाहिजे. घासावं लागत नसेल तर कोटिंग ठणठणीत आहे, मग धुण्याआधी चाक कितीही काळं दिसो. घासूनही निघत नसेल, तर पुढे वाचा.

धूळ चिकटते कशी

या धुळीचा मोठा भाग लोखंडाचा असतो. चाकासोबत फिरणारी ब्रेकची डिस्क बिडाची, म्हणजे कास्ट आयर्नची असते, आणि तिला घासून गाडी थांबवणाऱ्या बऱ्याच पॅडमध्येही लोखंडाचे तंतू किंवा चुरा असतो. सोबत पॅडमधला कार्बन आणि मसाला बांधून ठेवणारं रेझिन. ब्रेक दाबला की हे बारीक कण तापलेल्या अवस्थेत उडतात आणि अलॉयच्या क्लिअर कोटवर, म्हणजे वरच्या पारदर्शक लॅकरवर, रुततात. तिथे दमट हवा मिळाली की कण गंजतो, फुगतो, आणि लॅकरमध्ये आणखी पक्का बसतो. नारिंगी ठिपका म्हणजे अलॉयचा गंज नव्हे, ॲल्युमिनियम नारिंगी गंजत नाही. तो वर रुतलेल्या लोखंडाच्या कणाचा गंज आहे. म्हणूनच साध्या शाम्पूने तो हलत नाही.

मुंबईत हे लवकर होतं त्याला कारणं आहेत. वेस्टर्न एक्स्प्रेस हायवेला किंवा एलबीएस रोडला संध्याकाळी मीटरमीटरने सरकताना ब्रेकवरचा पाय उठतच नाही. हवा वर्षाचे बहुतेक महिने दमट. वरळी, वांद्रे, जुहूला समुद्राजवळ गाडी उभी राहत असेल तर मिठाचा अंश वेगळा. त्यात टँकरचं जड, म्हणजे क्षारांचं पाणी, आणि ठिकठिकाणी चाललेल्या रस्त्यांच्या काँक्रिटीकरणातून उडणारा सिमेंटचा चिखल.

बाटली हातात घेण्याआधी चारही चाकं शेजारी शेजारी ताडून बघा

हे पाच मिनिटांचं काम जवळपास कोणी करत नाही, आणि सगळ्यात जास्त माहिती इथेच मिळते. गाडी धुवून घ्या, नेहमीसारखी आठवडाभर चालवा आणि मग चारही चाकं बघा.

पुढची दोन्ही सारखीच काळी आणि मागची जवळजवळ स्वच्छ असतील, तर ब्रेकमध्ये काही बिघाड नाही. ब्रेक मारला की गाडीचं वजन पुढे येतं, त्यामुळे पुढच्या ब्रेकवर कामाचा मोठा वाटा पडतो. शिवाय आपल्याकडच्या बहुतेक हॅचबॅकना मागे ड्रम असतो आणि त्याची धूळ बरीचशी ड्रमच्या आतच राहते.

पुढच्या दोघांपैकी एकच चाक जास्त काळं असेल, तर कोटिंगचा विषय इथेच थांबवा. बहुतेक तो ब्रेक चिकटतोय. पॅड डिस्कवर दाबणारा चिमटा म्हणजे कॅलिपर. बहुतेक गाड्यांना फ्लोटिंग कॅलिपर असतो, तो दोन पिनांवर सरकतो. पिनांचा रबरी बूट फाटला की पावसाचं पाणी आत शिरतं, ग्रीस धुतलं जातं, पिन गंजून अडकते. मग पाय काढला तरी पॅड डिस्कला घासत राहतं आणि अखंड धूळ पाडतं. तपासायची रीत सोपी आहे. दहा-एक किलोमीटर, शक्यतो कमी ब्रेक मारत गाडी चालवा, सपाट जागी थांबवा आणि इन्फ्रारेड थर्मामीटरने स्पोकच्या फटीतून दोन्ही पुढच्या डिस्क एकाच जागी, एकाच अंतरावरून मोजा. चकचकीत धातूवर असा थर्मामीटर नेमका आकडा देत नाही, तेव्हा आकड्याकडे बघू नका, डाव्या-उजव्यातला फरक बघा. एक बाजू दर वेळी ३०-४० अंशांनी जास्त भरत असेल तर कॅलिपर उघडायला सांगा. हात लावून बघण्याचा मोह टाळा, ट्रॅफिकमधून आलेली डिस्क कातडी भाजू शकते.

कॅलिपर उघडल्यावर आतलं आणि बाहेरचं पॅड एकत्र धरून बघा. आतलं बरंच झिजलंय आणि बाहेरचं जाड आहे, असं असेल तर बहुतेक करून पिना अडकल्या आहेत. उपाय स्वस्त आहे: पिना काढून साफ करायच्या, खड्डे पडले असतील तर बदलायच्या, बूट नवे घालायचे, आणि ब्रेकसाठी असलेलं सिलिकॉन ग्रीस लावायचं. गॅरेजमध्ये डब्यातलं साधं पिवळं ग्रीस लावत असतील तर थांबवा. पेट्रोलियम ग्रीसने तिथलं रबर फुगतं आणि थोड्याच दिवसांत पिन पुन्हा जाम होते. पिना मोकळ्या असूनही ब्रेक सुटत नसेल, तर पिस्टन (पॅड ढकलणारा दट्ट्या) किंवा होज (ब्रेक ऑइलची नळी) बघावा लागेल.

मागचं एकच चाक काळं किंवा गरम असेल, तर बहुतेक हँडब्रेकची केबल पूर्ण सुटत नाही. मागे डिस्क असलेल्या गाड्यांत पावसाळ्यानंतर हे बरेचदा होतं.

पॅड नुकतीच बदलली असतील तर पहिले ३००-५०० किलोमीटर धूळ जास्त पडतेच, ती बसेपर्यंत निष्कर्ष काढू नका. आणि पावसात रात्रभर उभ्या राहिलेल्या गाडीच्या डिस्कवर सकाळी जो पातळ गंज चढलेला असतो, तो पहिल्या काही ब्रेकमध्ये खरवडून निघतो आणि पाण्यासोबत चाकावर उडतो. ते नारिंगी ओघळ असतात, ठिपके नसतात, आणि त्याच दिवशी धुतले तर सहज जातात. इलेक्ट्रिक गाडीवाल्यांना याचीच तक्रार जास्त: रीजनमुळे, म्हणजे मोटरच गाडीचा वेग कमी करून बॅटरी भरते त्यामुळे, पॅड कमी घासतात, काळी धूळ कमी, पण डिस्क साफही कमी होते, म्हणून गंजाचे ओघळ जास्त.

आणखी एक खूण. काळी रेघ टायरच्या कडेकडून रिमच्या मध्याकडे आलेली दिसत असेल, तर ती टायर पॉलिशची करामत. तेलकट पॉलिश चाक फिरताना रिमवर उडतं आणि धूळ त्यालाच धरते. पॉलिश लावल्यावर दहा मिनिटांनी कोरड्या फडक्याने टायर पुसून जादाचं काढा, किंवा पाण्यात विरघळणारं वापरा. टायरच्या ट्रेडवर आणि डिस्कवर ते कधीच जाता कामा नये.

कोटिंग खरंच गेलंय, की नुसतं बुजलंय?

पाण्याचे थेंब बसायचे थांबले म्हणजे कोटिंग उडालं, असं समजून लोक वर नवा थर चढवतात. बऱ्याच वेळा कोटिंग जागेवरच असतं, त्यावर लोखंडाचे कण आणि पाण्यातले क्षार साचलेले असतात. तपासण्यासाठी एका चाकाचे दोन स्पोक घ्या. शाम्पूने धुवा, त्यावर आयर्न रिमूव्हर (लोखंडाचे कण विरघळवणारं क्लीनर) मारा, तीन-चार मिनिटांनी धुवून काढा, पुसून कोरडे करा आणि पाण्याची बारीक फवारणी करा. थेंब पुन्हा टपोरे उभे राहिले तर कोटिंग जिवंत आहे, चारही चाकांना तेवढीच सफाई द्या, नवा थर नको. पाणी पसरून चादरीसारखं बसलं तर कोटिंग संपलं. पहिल्याच महिन्यात ते संपलं असेल, तर ते नीट बसलंच नव्हतं, आणि त्याचं मूळ बहुतेक करून तयारीत असतं.

तयारी: इथेच बहुतेकांचं बिघडतं

चाक पूर्ण थंड हवं. हात ठेवून आरामात धरता आलं पाहिजे. ऑफिसातून येऊन लगेच कामाला लागू नका, रात्रभर उभ्या गाडीवर सकाळी करा, सावलीत.

सोसायटीत पाइपला बंदी असेल तर काळजी नको. नर्सरीत झाडांसाठी मिळतो तो दोन लिटरचा हाताने हवा भरायचा पंप आणा. एक पंप साध्या पाण्याचा, एक शाम्पूच्या पाण्याचा आणि दोन बादल्या, एवढ्यात १५-२० लिटर पाण्यात चारही चाकांचं काम होतं.

सुरुवात पाण्याने. कोरड्या चाकावर ब्रश किंवा हवेचा झोत मारू नका. ही धूळ श्वासात जाण्यासारखी बारीक असते. आधी भिजवा, शक्य तर मास्क लावा. मग पीएच न्यूट्रल (ना ॲसिड, ना अल्कली) शाम्पू, मऊ केसांचा ब्रश, आणि नटांच्या खोबणीसाठी छोटा रंगाचा ब्रश. धुवून घ्या.

आता आयर्न रिमूव्हर. यात अमोनियम किंवा सोडियम थायोग्लायकोलेट असतं. ते लोखंडाशी संयोग करून त्याला विरघळवतं आणि रंग जांभळा होतो. वास उग्र, सडक्या अंड्यासारखा. मोकळ्या हवेत करा, नायट्राइल ग्लव्ह्ज घाला. १५-१६ इंची चाकाला दर चाकी ५० ते ७० मिली पुरतं. चाक ओलं पण पाणी टपकत नाही अशा अवस्थेत फवारा, तीन ते पाच मिनिटं थांबा, ब्रश फिरवा, भरपूर पाण्याने धुवा. वाळू देऊ नका. वाळला तर जांभळे-तपकिरी डाग बसतात आणि तेच काढायला पुन्हा तेवढाच रिमूव्हर लागतो. जुन्या, कधीच न धुतलेल्या चाकाला दोन फेऱ्या लागतात. दुसऱ्या फेरीत जांभळं जवळपास दिसेनासं झालं की थांबा. क्लिअर कोट नसलेल्या उघड्या, पॉलिश केलेल्या ॲल्युमिनियमवर हे वापरू नका, आणि कोणत्याही ॲसिडच्या क्लीनरसोबत एकाच वेळी तर मुळीच नाही. त्यातून विषारी वायू सुटतो.

बहुतेक लोक इथून थेट कोटिंगकडे जातात. मधल्या दोन पायऱ्या वगळल्या की कोटिंग धातूच्या लॅकरवर न बसता डांबरावर आणि तेलकट थरावर बसतं.

डांबराचे काळे ठिपके आयर्न रिमूव्हरने जात नाहीत. त्यासाठी टार रिमूव्हर, तोही फडक्यावर घेऊन. रॉकेलने डांबर निघतं हे खरं, पण मागे तेलकट थर राहतो, तेव्हा त्यानंतर शाम्पू पुन्हा लागेल. रिमच्या आतल्या बाजूला चिकटवलेल्या बॅलन्सिंगच्या वजनांना मात्र टार रिमूव्हर किंवा रॉकेल लागू देऊ नका. त्यांची चिकटपट्टी सैल होते, वजन गळून पडतं, आणि ८०-१०० च्या वेगाला स्टिअरिंग थरथरायला लागलं की माणूस सस्पेन्शनमध्ये दोष शोधत बसतो.

त्यानंतरही बोटाला खरखर लागत असेल तर बारीक दर्जाची क्ले (रुतलेले कण ओढून काढणारा मऊ गोळा), भरपूर शाम्पूच्या पाण्यासोबत, हलक्या हाताने. चाकावर वापरलेली क्ले बॉनेटवर कधीही वापरू नका.

शेवटी पुसणं. ९९ टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल २५० मिली आणि बॅटरीत घालतात ते डिस्टिल्ड वॉटर ७५० मिली, असं लिटरभर द्रावण बनवून ठेवा. फडक्यावर घेऊन प्रत्येक स्पोक पुसा, फडकं बदलून पुन्हा पुसा. दुसरं फडकं स्वच्छ निघालं पाहिजे. ते काळपट निघत असेल तर तयारी अपुरी आहे, मागे जा.

कुठला स्प्रे, कुठल्या ऋतूत

बाजारात सगळ्यालाच सिरॅमिक म्हणतात. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर किंवा ऑपेरा हाउसला दुकानदार जे हातात देईल ते घेण्याआधी लेबलवर वापरायची पद्धत वाचा, त्यावरून प्रकार कळतो.

"ओल्या गाडीवर फवारा आणि लगेच धुवा" असं लिहिलं असेल तर तो वेट कोट. महिना ते तीन महिने टिकतो, पटकन होतो. पण त्याला पाण्याचा जोरदार झोत लागतो, कारण झोतानेच तो पसरतो. बादली-मग्यावर काम असेल तर पट्टे राहतात. अशा सोसायटीत हा घेऊच नका.

"कोरड्या पृष्ठभागावर लावा आणि पुसून काढा" असं असेल तर तो सिलेन किंवा सिलिका असलेला खरा स्प्रे कोट. तीन ते सहा महिने चालतो. चाकांसाठी हा सगळ्यात व्यवहारी पर्याय. थेंबथेंब अॅप्लिकेटरने लावायचं बाटलीतलं कोटिंग याहून जास्त टिकतं, पण त्याला चाक काढणं आणि पूर्ण दिवस कोरडी जागा हवीच. साधा स्प्रे वॅक्स ब्रेकच्या उष्णतेत काही आठवड्यांतच संपतो. त्यावर वेळ घालवू नये.

सोलून काढता येणारं रबरी स्प्रे कोटिंगही लोक याच कामासाठी मारतात. रंग बदलायला ते ठीक आहे, धुळीसाठी नाही. त्याचा मॅट पृष्ठभाग धूळ धरून ठेवतो, पेट्रोल सांडलं तर विरघळतं, आणि चार-पाच भरघोस थर दिले नाहीत तर सोलताना त्याचे तुकडे तुकडे होतात.

हवेचा मुद्दा महत्त्वाचा. ही कोटिंग्ज हवेतल्या ओलाव्यावर पकडतात. लेबलवर "दोन-तीन मिनिटं थांबून पुसा" लिहिलेलं असतं, ते कोरड्या, थंड हवेच्या देशातलं गणित. मुंबईत मे महिन्यात द्रावक झटकन उडतो, आणि जून ते सप्टेंबर ओलाव्यामुळे थर लवकर धरतो. एवढं थांबलात तर काळपट, इंद्रधनुषी डाग घट्ट बसतात. इथे एका वेळी एक-दोन स्पोकच घ्या आणि ३० ते ६० सेकंदांत पुसा. सगळ्यात चांगला काळ नोव्हेंबर ते फेब्रुवारी, सकाळी आठनंतर, दव वाळल्यावर. पावसाळ्यात करायचंच असेल तर पोडियम किंवा बेसमेंट पार्किंगमध्ये, आणि चाकावर हात फिरवून दमटपणा जाणवत नाही याची खात्री करून.

लावताना

स्प्रे चाकावर मारू नका, फडक्यावर मारा. हा नियम कोणत्याही कारणासाठी मोडायचा नाही. सिलिकॉनचा किंवा सिलिकाचा फवारा स्पोकमधून डिस्कवर गेला तर ब्रेक घसरतो. चुकून गेलाच तर डिस्क ब्रेक क्लीनरने पुसा, पॅडवर भरपूर गेला असेल तर गाडी मेकॅनिकला दाखवल्याशिवाय रस्त्यावर काढू नका. काम संपल्यावर कंपाउंडमध्येच चालण्याच्या वेगाने दोन-चार वेळा ब्रेक दाबून बघा, मग गेटबाहेर पडा.

एका चाकाच्या दर्शनी बाजूला चार-पाच फवारे, म्हणजे अंदाजे ५ मिली पुरे. जास्त ओतल्याने टिकाऊपणा वाढत नाही, डाग वाढतात. पहिल्या फडक्याने आडवं-उभं पसरवा, दुसऱ्या कोरड्या फडक्याने सपाट करा, टॉर्च तिरपी धरून उरलेले पट्टे शोधा. तास-दोन तासांनी दुसरा पातळ थर, लेबलने परवानगी दिली असेल तर. त्यानंतर १२ ते २४ तास पाणी लागू द्यायचं नाही, आठवडाभर शाम्पू नाही. वापरलेली फडकी लगेच धुवा किंवा टाकून द्या. त्यात सुकलेलं कोटिंग कडक होतं आणि पुढच्या वेळी ओरखडे पाडतं.

सगळ्यात जास्त धूळ रिमच्या आतल्या बाजूला, बॅरलमध्ये साचते, आणि कोटिंग तिथे कोणी लावत नाही. मग प्रत्येक पावसात तिथली घाण बाहेर येते आणि दर्शनी बाजू धुतली तरी दोन दिवसांत पुन्हा काळी. उपाय म्हणजे वर्षातून एकदा चाक काढून आतून कोटिंग. टायर रोटेशनच्या वेळी टायरवाल्याकडे हे जमवता येतं. घरी करत असाल तर एका वेळी एकच चाक: दुसऱ्या चाकांना दगड किंवा स्टॉपर, चाक जमिनीवर असतानाच नट पाव फेरी सैल, मग जॅक, आणि जॅकसोबत स्टँड. हब (चाक ज्यावर बसतं तो भाग) जिथे रिमला टेकतो ती सपाट जागा आणि नट बसतात त्या शंकूच्या खाचा यांवर कोटिंग जाऊ देऊ नका, मास्किंग टेप लावा. तिथे निसरडा थर बसला की नटांची घट्टपणाची पकड बदलते. नट समोरासमोरच्या क्रमाने कसा. बहुतेक छोट्या गाड्यांना ८५ ते ११० न्यूटन-मीटर लागतात, तुमच्या गाडीचा नेमका आकडा मॅन्युअलमध्ये आहे. ५०-१०० किलोमीटरनंतर पान्याने पुन्हा तपासा.

लावल्यानंतर दिसणारे दोष

इंद्रधनुषी पट्टे: पुसायला उशीर झाला. पहिल्या तासाभरात त्याच स्प्रेचा एक फवारा मारलेल्या फडक्याने ते पुसले तर बहुतेक विरघळतात. दुसऱ्या दिवशी दिसले तर हलक्या पॉलिशशिवाय जात नाहीत.

पांढरी गोल कडी: जड पाणी. तानसा-भातसाच्या तलावांतून नळाला येणारं पाणी मऊ असतं, पण गाडी धुवायला बोअरवेलचं किंवा टँकरचं पाणी वापरलं की क्षार मागे राहतात. इथे कोटिंगच अडचण वाढवतं: पाणी पसरण्याऐवजी टपोऱ्या थेंबात उभं राहतं आणि सगळे क्षार एकाच ठिकाणी सुकतात. म्हणून कोटिंग केलेलं चाक धुतल्यावर पुसून किंवा ब्लोअरने कोरडं केलंच पाहिजे. आलेल्या कड्यांवर पांढरं व्हिनेगर आणि पाणी समप्रमाणात, दोन-तीन मिनिटं, मग स्वच्छ धुणं. सिमेंटचे शिंतोडेही याच द्रावणाने मऊ पडतात. ते नखाने खरवडू नका.

चाक चिकट लागणं: थर जाड झाला किंवा ओल्या चाकावर लावला. अल्कोहोलच्या द्रावणाने पुसून काढा आणि कोरड्या दिवशी नव्याने करा.

रोजचं पुसणं आणि वॉशिंग सेंटर

चांगलं बसलेलं कोटिंग दोन गोष्टींनी लवकर मरतं. एक, सकाळी गाड्या पुसणाऱ्या माणसाचं एकच ओलं फडकं, जे आधी बोनेटवर, मग चाकावर, मग पुढच्या गाडीवर फिरतं. लोखंडाच्या चुऱ्याने भरलेलं फडकं म्हणजे लॅकरवर पॉलिश पेपर. त्याला चाकांसाठी वेगळ्या रंगाचं फडकं आणि छोटा पंप तुम्हीच घेऊन द्या, आणि सांगा, "दादा, चाकाला आधी पाणी मारायचं, कोरडं पुसायचं नाही. वेळ नसेल तर चाकं तशीच राहू देत." न पुसलेलं चाक चालेल, कोरडं घासलेलं चालणार नाही.

दुसरी, वॉशिंग सेंटरवरचं ॲसिड. रिम मिनिटात चमकते म्हणून ते फवारलं जातं. कोटिंग तर जातंच, क्लिअर कोट दुधाळ होतो, आणि ओरखड्यातून आत शिरलं तर खालचं ॲल्युमिनियम खाल्लं जातं. गाडी आत घालतानाच "चाकांना फक्त शाम्पू" असं सांगा आणि शेजारी उभे राहा. हे औषध नेमकं काय आहे ते विचारा. डब्यावर लेबल नसेल तर नकोच.

घाटातून आल्यावर मात्र आठवड्याची वाट पाहू नका. बोरघाट ब्रेकवर उतरलेली गाडी एका फेरीत शहरातल्या कित्येक दिवसांची धूळ जमवते, आणि ती जास्त तापलेली असते. दोन दिवसांत धुवा. घाट दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये उतरला तर धूळही कमी आणि ब्रेकही शाबूत.

कोटिंगच्या आवाक्याबाहेरचं

डायमंड कट अलॉयवर, म्हणजे दर्शनी बाजू यंत्रावर कापून चकचकीत केलेल्या चाकावर, लॅकरखाली पांढरे, अळीसारखे वळणावळणाचे धागे दिसत असतील, तर ते ॲल्युमिनियमचं क्षरण आहे. फुटपाथला घासून लॅकर फुटतो, तिथून खारट ओल आत शिरते आणि पसरत जाते. वरून कोटिंग लावल्याने ते थांबत नाही. लॅकर काढून, पुन्हा कट करून, नवा लॅकर द्यावा लागतो. रिमला ओरखडा पडल्या पडल्या अल्कोहोलने पुसून त्या जागेला क्लिअर लॅकरचा ठिपका दिला तर ही वेळ लांबते. समुद्रकिनारी राहणाऱ्यांनी हे नक्की करावं.

आणि सगळं बरोबर करूनही आठवड्यात चाक काळंकुट्ट होत असेल, डाव्या-उजव्या डिस्क सारख्याच तापत असतील, तर पॅडचा मसालाच धूळ पाडणारा आहे. युरोपीय धाटणीच्या गाड्यांत बरेचदा लो-मेटॅलिक (मसाल्यात थोडा धातू असलेले) पॅड असतात. पकड छान, धूळ भरपूर. पुढच्या बदलीला त्याच गाडीसाठी बनवलेले नॉन-ॲस्बेस्टॉस ऑरगॅनिक किंवा सिरॅमिक पॅड नामांकित कंपनीचे, बिलासकट घ्या. धूळ कमी पडते आणि रंगाने फिकी असते, त्यामुळे दिसतेही कमी. नुसती धूळ टाळायला अनोळखी डब्यातले स्वस्त पॅड कधीही घालू नका. युरोपने तर २०२४ मध्ये मंजूर केलेल्या युरो ७ नियमांत ब्रेकच्या धुळीलाच पहिल्यांदा मर्यादा घातली, पेट्रोल-डिझेल गाड्यांना किलोमीटरमागे ७ मिलिग्रॅम आणि पूर्ण इलेक्ट्रिकला ३. तेव्हा कमी धूळ पाडणारे पॅड आणि डिस्क येत्या वर्षांत आणखी दिसतील.

तोपर्यंतचं वेळापत्रक असं धरा: मेच्या दुसऱ्या पंधरवड्यात, पाऊस लागण्याआधी, पूर्ण तयारीसकट एक कोटिंग. पावसाळ्यात दर तीन-चार आठवड्यांनी फक्त आयर्न रिमूव्हर, नवा थर नाही. ऑक्टोबरच्या उन्हात कॅलिपरच्या पिना आणि बूट तपासून घ्या, आणि नोव्हेंबरच्या पहिल्या कोरड्या सकाळी चाकं काढून आतून-बाहेरून दुसरं कोटिंग.